कोब्यावर लाकडी फ्लोरिंग करायचंय, बॅटन (फळ्यांखालच्या लाकडी पट्ट्या) लेव्हलला कसे घ्यायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, रत्नागिरीजवळ आमचं जुनं घर आहे, तिथल्या माजघरात मुलीच्या कथकच्या रियाजासाठी लाकडी फ्लोरिंग करायचंय. खाली जुना कोबा आणि तो इतका वरखाली की काल पाण्याची लेव्हल ट्यूब लावून बघितलं तर १२ फुटांत ३५ मिमीचा फरक, मधे एक खळगा तर असा की लादी पुसली की पाणी तिथेच साठून राहतं. सुतार म्हणतो बॅटनखाली प्लायच्या तुकड्यांचं पॅकिंग देऊन लेव्हल करू. पण आमच्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, मग पॅकिंग सैल झालं आणि तत्काराला (कथकमधल्या पायांच्या ठेक्याला) फळ्या कुरकुरायला लागल्या तर सगळा खर्च पाण्यात, म्हणून जीव घाबरतोय.

सगळ्यात उंच जागा धरून तिथून दोरी मारायची ना? समोरासमोर दोन पाचरी ठोकून स्क्रूने पक्क्या केल्या तर टिकतील का? नाचासाठी बॅटन १६ इंचांच्या अंतरावर चालतील की १२ वर घेऊ? ओलीसाठी खाली जाड प्लास्टिक टाकणारच आहे, पण वाळवीचं औषध त्याआधी जमिनीत मारायचं की नुसतं बॅटनला पुरेल? कोकणात कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, सुतार सोमवारी येतोय.