डीटीपीतून यूएक्सकडे: फिग्मा आलं, पुढे काय?

कोल्हापूरकर_डीटीपी
नमस्कार मंडळी. ११ वर्षं प्रेसमध्ये डीटीपी करतोय. लग्नपत्रिका, हँडबिलं, फ्लेक्स, सगळं कोरलमध्ये. आता यूएक्स शिकतोय, म्हणजे अ‍ॅप-वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या ते. फिग्मावर, म्हणजे अ‍ॅपच्या स्क्रीन आखायच्या सॉफ्टवेअरवर, महिन्याभरात हात बसला. सरावासाठी वीजबिल भरायच्या अ‍ॅपच्या ८ स्क्रीन नव्याने केल्या. मुलाखतीत एकच प्रश्न आला, "हे बदल का केलेत?" मला सांगताच आलं नाही. क्लास लावू का? फी परवडण्यासारखी नाही.

पर्वतीची_पायरी
दादा, फी भरायची घाई करू नका. माझंही असंच झालं होतं. मी केलेला बिलाच्या अ‍ॅपचा प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीपुरता नमुना, आईच्या हातात दिला. तिने ग्राहक क्रमांक टाकला आणि नुसती बघत बसली. कारण खऱ्या फोनवर कीबोर्ड वर आला की 'पुढे' बटण त्याखाली झाकलं जात होतं. माझ्या चित्रात कीबोर्ड काढलाच नव्हता. मी न राहवून "आई, स्क्रीन वर सरकव" म्हणाले आणि ती चाचणी तिथेच वाया गेली.

म्हणून ओळखीची ५ माणसं गाठा. यूएक्समधले जाणकार जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की एवढ्या लोकांतही बहुतेक अडचणी दिसून येतात. एकच काम सांगा, "हे बिल भरा." मनात येईल ते मोठ्याने बोलू द्या. तुम्ही गप्प राहा, हेच सगळ्यात अवघड. कुठे बोट थबकलं, कुठे मागे गेले, ते वहीत लिहा. मग स्क्रीन बदला आणि पुन्हा दाखवा. 'का' चं उत्तर त्या वहीत मिळेल.

रफार_वेलांटी
ताईंशी सहमत. शिवाय डीटीपीवाल्याची नजर इथे फार कामाची आहे. इंग्रजी मजकुरावर बेतलेलं ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं की मराठीत वरचे रफार आणि खालचे उकार कापले जातात. 'सबमिट' च्या जागी 'अर्ज सादर करा' आलं की बटण फुटतं. तुम्हाला हे लगेच दिसेल, अनेकांना दिसत नाही. फक्त जुन्या फॉन्टमधला मजकूर चालणार नाही, युनिकोडच लागेल. अक्षर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट (फिकट-गडदपणातला फरक) किमान ४.५:१ ठेवा. अँड्रॉइडवर बोट टेकायची जागा ४८ डीपीपेक्षा (डीपी म्हणजे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) लहान नको.

कोल्हापूरकर_डीटीपी
ताई, आज करून पाहिलं. आमच्या बाइंडिंगच्या मामांना बसचं तिकीट काढायला सांगितलं, येत्या रविवारचं. गाव बरोबर निवडलं, तारखेपाशी अडकले. कॅलेंडरवर वारांचं एकेकच इंग्रजी अक्षर होतं, त्यात एस दोनदा, टी दोनदा. मामा म्हणाले, "ह्यात रविवार कुठला रं?" मी तोंडातून शब्द काढला नाही. शेवटी त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघून तारीख मोजली. वहीत पहिली नोंद हीच केली. उद्या मशीनवरच्या पोरांना बसवतो.