‘गंध’ नाही, पण ‘वास’ येतो: असे का?

प्रश्न (कोथरूड, पुणे)
एका लेखाचे मुद्रितशोधन करताना ‘या वाड्यांना जुन्या पुण्याचा गंध आहे’ आणि ‘लेखकाला शेतीचा गंधही नाही’ ही दोन वाक्ये एकाच पानावर आली. पहिल्या वाक्यात सुवासाची छटा स्पष्ट जाणवते. दुसऱ्यात मात्र नाकाचा काहीच संबंध उरत नाही. ‘त्यांना शेतीचा गंध आहे’ असेही कोणी म्हणत नाही. हा अर्थ नकारातच का टिकला असावा?

प्रतिसाद १ (शनिवार पेठ)
‘अल्पांश’ हा अर्थ संस्कृतातलाच आहे. पाणिनीच्या ‘अल्पाख्यायाम्’ (५.४.१३६) या सूत्रानुसार बहुव्रीहीच्या शेवटी थोडेपणा सांगताना ‘गन्ध’चे ‘गन्धि’ होते. ‘सूपगन्धि भोजनम्’ म्हणजे वरणाचा वास येणारे जेवण नव्हे, तर ज्यात वरण अगदी नावापुरते आहे असे जेवण. संस्कृतात हा प्रयोग होकारार्थी आहे. मराठीने त्यातला थोडेपणा उचलला आणि तो नकाराला जोडला, कारण एखाद्या गोष्टीचा लहानात लहान अंशही नाकारला की ती समूळ नाकारली जाते; ‘लेशही नाही’, ‘तिळमात्र नाही’ हे प्रयोगही त्याच वळणाचे आहेत.

प्रतिसाद २ (सहकारनगर)
नियम निव्वळ नकाराचा नाही, असे मला वाटते. ‘तुला स्वयंपाकाचा काही गंध आहे का?’ हा प्रश्न आपण सहज विचारतो आणि ‘हिशेबाचा थोडा जरी गंध असता, तरी हे कर्ज काढले नसते’ हेही अस्सल मराठी आहे. म्हणजे नकार उघड नसला तरी अभावाची शंका हवी. शिवाय ‘गंध’ विद्येचा किंवा विषयाचा असतो, तर ‘गंधवार्ता’ घटनेची: ‘बदलीची त्याला गंधवार्ताही नव्हती.’ संपादनात या दोहोंची अदलाबदल सर्रास दिसते आणि ती दुरुस्त केलीच पाहिजे.

प्रतिसाद ३ (औंध)
होकारार्थी बाजू ‘वास’ या शब्दाने सांभाळली आहे, पण ती संशयापुरती: ‘या व्यवहाराला लबाडीचा वास येतो.’ येथे ‘गंध’ चालणार नाही, कारण एकटा ‘गंध’ मराठीत चांगल्याकडे झुकतो; ‘दुर्गंध’ म्हणायला उपसर्ग लागतो. गुप्त बातमीचा सुगावा लागला, तर मात्र आपण बहुधा कानाकडे वळतो आणि ‘कुणकुण लागली’ म्हणतो. त्यामुळे आपल्या लेखातली दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत. फक्त ती एकाच पानावर येऊ देऊ नयेत.