सरासरीची गणितं: सूत्र येतं, उत्तर येत नाही. मदत हवी आहे

नमस्कार. घाटंजी तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. पोलीस भरतीची तयारी चालू आहे. मैदानाची काळजी नाही, पहाटे गाव ते फाटा धावणं सुटलेलं नाही. अडतंय ते लेखीत. १०० प्रश्न, ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. मी सरासरीच्या एका गणितावर तीन-तीन मिनिटं बसते आणि वरून उत्तर चुकतं.

सूत्र पाठ आहे. एकूण बेरीज भागिले एकूण संख्या. पाच आकडे सरळ दिले की येतं. पण गणितात कोणी नवीन आलं, कोणी निघून गेलं, की माझी गाडी फसली. क्लासमधले सर म्हणतात ट्रिक पाठ कर. ट्रिका आता सतरा झाल्या, कोणती कुठं लावायची तेच कळत नाही.

कालच्या सराव पेपरातली ही तीन पाहा:

१) ३० विद्यार्थ्यांचं सरासरी वय १४ वर्षं. शिक्षकांचं वय मिळवलं तर सरासरी १ ने वाढते. शिक्षकांचं वय किती? मी १४ + ३० = ४४ केलं. पर्यायांत ४४ होतं, म्हणून खुशीत गोल केला. उत्तर ४५ निघालं.

२) ११ संख्यांची सरासरी ५०. पहिल्या ६ संख्यांची ४९, शेवटच्या ६ संख्यांची ५२. सहावी संख्या किती? इथं ६ आणि ६ बारा होतात, मग अकरा कसे म्हणतात? हे गणित मी सोडूनच दिलं.

३) जाताना ताशी ४० किमी, येताना त्याच रस्त्यानं ताशी ६० किमी. सरासरी वेग? माझं उत्तर ५०. चूक. का चूक, हे कोणीच सांगत नाही, फक्त सूत्र देतात.

कृपया फोटो टाकू नका, टाइप करा. आमच्याकडं रेंज मारुतीच्या ओट्यावरच येते, आणि तिथंही फोटो उघडत नाहीत.

प्रतिसाद (दोन भरत्या हुकलेला)

ताई, ४४ वाल्या तुम्ही एकट्या नाही. मलेही वर्षभर तेच येत होतं. पेपर काढणारा ४४ मुद्दाम ठेवते, त्याले माहीत आहे आपण कुठं घसरतो.

असं समजा, सर वर्गात येताना खिशात वयाची वर्षं घेऊन आले. आता सगळ्यांजवळ १५-१५ झाली पाहिजेत. पोरांजवळ १४ आहेत, म्हणून एकेकाले एक वर्ष वाटलं. ३० पोरं, ३० वर्षं गेली. वाटून झाल्यावर सरांजवळ किती उरले पाहिजेत? १४ नाही, १५. काऊन की तेही त्याच पंगतीत बसले. १५ + ३० = ४५.

कोणी निघून गेलं तरी पंगत तीच. जाणाऱ्याजवळ सरासरीपेक्षा जास्त होतं तर मागच्यांची सरासरी उतरते, कमी होतं तर चढते. आधी फक्त एवढं पाहा, चारातले दोन पर्याय तिथंच उडतात. आणि पोलीस भरतीत चुकीच्या उत्तराले गुण कापत नाहीत, म्हणून गोल कोरा ठेवू नका.

प्रतिसाद (निवृत्त गुरुजी, जिल्हा परिषद शाळा)

बेटा, सरासरी दिसली की तिच्याशी खेळू नकोस, आधी तिची बेरीज करून टाक. सरासरी गुणिले संख्या. चाळीस वर्षं फळ्यावर हेच लिहिलं.

दुसरं गणित घे. ११ × ५० = ५५०, ही खरी बेरीज. ६ × ४९ = २९४. ६ × ५२ = ३१२. दोन्ही मिळून ६०६. पण खरी बेरीज तर ५५०! मग ५६ जास्तीचे कुठून आले? सहावी संख्या पहिल्या गटातही मोजली आणि शेवटच्या गटातही. तुला बारा दिसले ते यामुळंच. दोनदा मोजलेली ती संख्याच ५६. तुझी शंका बरोबर होती, तू तिथं थांबायला नको होतं.

तिसऱ्यात अंतर दिलं नाही म्हणून मुलं घाबरतात. आपणच धरायचं, ४० नं आणि ६० नं दोन्हीनं भाग जाईल असं. १२० किमी धर. जायला ३ तास, यायला २ तास. २४० किमी, ५ तास. ४८. एसटी हळू चालली तेव्हा तू तिच्यात जास्त वेळ बसलीस, म्हणून सरासरी ४० कडं झुकते. दोन्ही वेगांनी सारखाच वेळ प्रवास झाला असता, तर तुझं ५० बरोबर होतं.

मूळ धागा लिहिणारी

गुरुजी, दादा, मनापासून आभार. पंगत डोक्यात बसली.

एक गंमत सांगते. रात्री जेवताना बाबांना सहज विचारलं. आकडे सोपे केले: ८ क्विंटल कापूस ७००० नं गेला, २ क्विंटल फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरचा हलका कापूस, ६००० नं. सरासरी भाव किती पडला? मी ६५०० धरून बसले होते, तसं बोलूनही गेले. बाबा सातवी शिकलेले. भाकर मोडता मोडता म्हणाले, "साडेसहा कसा पडन? फरदड दोनच क्विंटल होती ना. ६८०० पडला." मी वही काढली. ५६००० + १२००० = ६८०००, भागिले १०. ६८००! ना सूत्र, ना पेन. कसं केलं विचारलं तर म्हणाले, दर क्विंटलमागं २०० चा फटका बसला, एवढंच. तो २०० कुठून आला हे मला झोपताना कळलं: फरदडीच्या दोन क्विंटलचे हजार-हजार कमी, ते २००० दहात वाटले.

प्रतिसाद (निवृत्त गुरुजी, जिल्हा परिषद शाळा)

बाबांना माझा नमस्कार सांग. मी शिकवतो त्यापेक्षा ती रीत लवकर उरकते. आता त्यांच्याच रीतीनं हे कर, कागद घ्यायचा नाही: ३० मुलांच्या गुणांची सरासरी ६० आली. नंतर लक्षात आलं, एकाचे ८३ गुण होते, ते ३८ लिहिले गेले. खरी सरासरी?

मूळ धागा लिहिणारी

६१.५.

४५ कमी लिहिले होते, ते तिसांत वाटले, दीड-दीड आला. चक्कीवर दळणाच्या रांगेत उभी होते, डबा खालीही ठेवला नाही. आधी १८०० ची बेरीज करायला निघाले होते, मग म्हटलं कशाला.

गुरुजी, शेकडेवारीचंही असंच रडगाणं आहे. त्यासाठी नवीन धागा काढू, की इथंच विचारू?