भारमान नाही म्हणून गाडी बंद, की गाडी बंद म्हणून भारमान नाही?

घाटमाथा
परवा रोखठोक यांनी लिहिलं होतं की मोर्चे काढून एसटी चालत नसते, ज्या फेरीला भारमान नाही, म्हणजे पुरेशी माणसं बसत नाहीत, ती बंदच झाली पाहिजे, सगळ्या सवलती काढून टाका अन् गाड्या खाजगीवाल्याला चालवायला द्या. दोन दिवस गप बसले पण राहवलं नाही. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरात, तालुक्यापासून 19 किलोमीटर. आमच्याकडं मुक्कामी गाडी होती. रात्री साडेआठला यायची, ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे, पहाटे आमच्या सासूबाई त्यांना चहा द्यायच्या अन् साडेसहाला गाडी निघायची. कोरोनात बंद झाली, मग 2021 चा संप, तो पुढच्या एप्रिलात मिटला तरी मुक्कामी गाडी काही परत आली नाही. त्याऐवजी दहाची दिली, ती कधी दहाला तर कधी पावणेबाराला. कॉलेज साडेसातचं. माझी पोरगी तेव्हा अकरावीत. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पोरींना पास फुकट आहे, म्हणजे पास दप्तरात अन् गाडीच नाही, तो पास काय चाटायचाय? रोज ॲपे रिक्षाला जाऊन-येऊन 60 रुपये, अन् ॲपेवाला बारा माणसं भरल्याशिवाय हलत नाही, पुढं ड्रायव्हरच्या दोन्ही अंगाला माणसं. पोरगी एकदा घाटात मागच्या फळीवर लटकून आली, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आगारात गेलो तर एकच उत्तर, भारमान नाही. मग मी दुकानात एक वही ठेवली. गाडी किती वाजता आली, किती चढले, अन् वाट बघून किती निघून गेले. 26 दिवस लिहिलं. 7 दिवस गाडी आलीच नाही. वेळेवर आली फक्त 4 दिवस, अन् त्या चारी दिवशी माणसं उभी राहून गेली. बाकी दिवशी पाच नाहीतर सहा. आगाराच्या कागदावर चढलेले तेवढे दिसतात, तासभर थांबून जीपनं गेलेले कुणी मोजत नाही. गाडीचा भरवसा मोडला की माणूस दुसरी सोय बघतो, मग तुम्हीच म्हणता माणसं नाहीत.

ती वही घेऊन चार गावच्या बाया अन् पोरं आगाराच्या गेटात बसलो. दीड दिवस. भाकरी बांधून नेल्या होत्या. एक दगड उचलला नाही कुणी. आठव्या दिवशी साडेसहाची गाडी सुरू झाली, आता वर्ष होत आलं, सोमवारी पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा मोर्च्यानं एसटी चालत नाही हे मला तरी सांगू नका.

रोखठोक
ताई तुमची गाडी सुरू झाली, चांगलंच झालं. पण एका गावावरून राज्याचा हिशोब लागत नाही. जून 2025 ला सरकारनंच एसटीची श्वेतपत्रिका काढली, संचित तोटा 10 हजार कोटींच्या वर. हा पैसा कुठून येणार? 75 च्या वरच्यांना फुकट, बायांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, आणि पूर्ण तिकीट काढणाऱ्यानं जालना ते बीड उभं राहून जायचं. मी गेलोय लग्नसराईत, कंबर मोडली. त्यात जानेवारी 2025 ला 14.95 टक्के भाडेवाढ, ती कुणाच्या खिशातून गेली? आमच्याच ना. गेटात बसून पैसा तयार होत नाही.

निवृत्त वाहक
31 वर्षं मशीन अन् त्याआधी तिकिटाचा ट्रे गळ्यात घालून काढली म्हणून बोलतो. रोखठोकसाहेब, सवलतीचे पैसे महामंडळ पदरचे घालत नाही, ते सरकारनं भरून द्यायचे असतात, ते वेळेवर येत नाहीत म्हणून आमचे पगार लांबतात. वरून तिकिटावर 17.5 टक्के प्रवासी कर. एका हातानं घ्यायचं, दुसऱ्या हातानं उशिरा द्यायचं आणि मग एसटी तोट्यात म्हणायचं. आणि अर्ध्या तिकिटामुळं ज्या बाया जीपनं जायच्या त्या एसटीत आल्या, हे मी माझ्या गाडीत डोळ्यानं बघितलंय.

पण घाटमाथा ताई, आंदोलनाचं मला कौतुक नाही. आंदोलन कशाचंही असो, आरक्षणाचं असो, उसाच्या दराचं असो, पहिला दगड लाल गाडीलाच. माझ्या कपाळावर काचेचा व्रण आहे अजून. तुम्ही दगड उचलला नाही, मान्य. सगळे तसे नसतात.

उदगीरकर
आमच्याकडं बिदरच्या गाड्या येऊ लालेत, बघा जरा. कर्नाटकात जून 2023 पासून बायांना साध्या गाडीत फुकट, तेलंगणात त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून. देगलूरच्या पलीकडं गेलं की फुकट अन् अलीकडं अर्धं तिकीट अन् तेही गाडी आली तर. ते सरकार करू शकतं मग आपलं का नाही?

रोखठोक
ते त्यांच्या राज्यातल्या बायांनाच आहे, आधार बघून तिकीट देतात. तुमच्या उदगीरच्या बाईला तिथं पूर्ण पैसे पडतात. अर्धवट माहितीवर लिहू नका.

उदगीरकर
ते बरोबर आहे तुमचं, तिथले रहिवासी लागतात. पण माझा मुद्दा तो नव्हताच, आपल्या बायांना आपलं सरकार काय देतं हा होता.

काळी पिवळी
ॲपेवाला, जीपवाला म्हणून सगळे आम्हालाच झोडपतात. 12 माणसं भरतो, हो भरतो, त्याशिवाय बँकेचा हप्ता निघत नाही. पण रात्री दोनला बाळंतीण घेऊन दवाखान्यात कोण जातं? तुमची लालपरी? माझ्या गाडीत दोन लेकरं जन्मलीत पाथरीच्या रस्त्यावर. एसटी यायला लागली तर आम्ही जाऊ दुसऱ्या रस्त्याला, पण ती नसताना गाव आम्हीच चालवलं हे तरी म्हणा.

घाटमाथा
भाऊ, तुमच्यावर राग नाही. माझी पोरगी फळीवर लटकली त्याचा राग आहे, अन् तो गाडी बंद करणाऱ्यावर आहे. बाळंतिणीचं म्हणालात ते खरंय, आमच्या जावेला पण जीपनंच नेलं होतं.

मीटरगेज
सगळे एसटीवरच अडकलेत. मराठवाड्याचं खरं दुखणं रेल्वे आहे. नांदेड विभाग अजून दक्षिण मध्य रेल्वेत, निर्णय सिकंदराबादला होतात, आमचं ऐकणार कोण? अहिल्यानगर-बीड-परळी 261 किलोमीटर, 1995 च्या सुमारास मंजुरी, बीडला पहिली गाडी आली 17 सप्टेंबर 2025 ला. 30 वर्षं! पुढं परळीचा तुकडा राहिलाच. जन्मलेलं पोरगं बाप झालं तेवढ्यात.

रोखठोक
हेच तर म्हणतोय. बीडच्या लोकांनी 30 वर्षं निवेदनं दिली, उपोषणं केली, काय झालं? राज्यानं अर्धा खर्च उचलायचं कबूल केलं तेव्हा काम हललं. पैसा आला की रूळ पडतात.

मीटरगेज
आणि तो अर्धा खर्च उचलायला सरकारला भाग कुणी पाडलं? आपोआप सुचलं का? तुम्हाला इतिहास माहिती नाही म्हणून असं लिहिता. मनमाड-काचीगुडा लाइन निजामाच्या काळातली, 1900 च्या आसपासची, मीटरगेज म्हणजे अरुंद रुळांची. मुंबईला जायचं तर मनमाडला उतरायचं, ट्रंक डोक्यावर घेऊन दुसरा प्लॅटफॉर्म गाठायचा. माझे वडील मला खांद्यावर घेऊन पळालेत तिथं. ब्रॉडगेजसाठी, म्हणजे रुंद रुळांसाठी, स्वातंत्र्यसैनिक गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद वर्षानुवर्षं मागं लागली, 1974 च्या विकास आंदोलनात पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठं नव्वदीच्या दशकात रूळ रुंद झाले. आज तुम्ही जालन्यातून न उतरता मुंबईला जाता ते त्या लोकांमुळं.

रोखठोक
वैयक्तिक जाऊ नका. इतिहास मला पण येतो. नव्वदीत देशभर गेज बदलत होतं, सगळं गोविंदभाईंच्या खात्यात टाकू नका.

मीटरगेज
देशभर बदलत होतं म्हणून आपला नंबर कधी लागला असता ते तुम्हीच सांगा. बीडकडं बघून सांगा.

उदगीरकर
लातूरला पण बार्शी लाइटची छोटी गाडी होती, ब्रॉडगेज व्हायला 2008 उजाडलं. तिथंही लोकांनी मागं लागूनच...

घाटमाथा
दादा, रेल्वेसाठी वेगळं लिहा हो, मी पण येईन वाचायला. आमच्या डोंगरात रूळ येणार नाहीत. बीडला रेल्वे आली म्हणून आमच्या गावची म्हातारी तिथपर्यंत कशी जाणार? एसटीनंच ना?

निवृत्त वाहक
यावर एक सांगतो. निजामाच्या राज्यात 1932 ला बस सुरू झाली ती रेल्वे खात्यानंच केली होती, 27 गाड्या. रेल्वे अन् बस एकाच खात्यात. ते आता होणं शक्य नाही, पण स्टेशनवर गाडी आली की बाहेर बस लागलेली असावी एवढं वेळापत्रक तरी जुळवा. दोघांचं भांडण तिथं मिटेल.

काळी पिवळी
802 किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाला 86 हजार कोटी निघतात, परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना नको असताना निघतात, माझ्या मेव्हण्याची जमीन त्यात जाते. आणि एसटीला पैसा विचारला की तोटा आठवतो. रोखठोक साहेब, रस्त्याचा तोटा कुणी काढतं का कधी?

रोखठोक
हा मुद्दा मला खोडता येत नाही. रस्त्याला आपण नफा विचारत नाही, एसटीला विचारतो, हे खरंय. तरीपण खाजगीकरणावर मी ठाम आहे, रिकामी गाडी फिरवणं मला पटत नाही.

आणि ताई, त्या वहीतले रकाने जरा इथं टाका. आमच्या मूळ गावची दुपारची फेरी दिवाळीपासून बंद आहे. आई एकटी असते तिथं, बीपीची गोळी आणायला तिला तीन किलोमीटर चालत फाट्यावर यावं लागतं. मी मोर्च्यात बसणार नाही, पण वही ठेवतो.

घाटमाथा
तारीख, ठरलेली वेळ, आलेली वेळ, चढले, उतरले, वाट बघून गेले. शेवटच्या रकान्यात ते कशानं गेले ते लिहा, ॲपे, जीप, चालत. थांब्याजवळच्या दुकानदाराला सांगा, तो दिवसभर तिथंच असतो. अन् आईंना रोज फोन करून विचारत जा गाडी आली का, त्या बिचाऱ्या उन्हात उभ्या राहत असतील.

निवृत्त वाहक
गाडीचा नंबर पण लिहा. तो नसला की आगारात म्हणतात, ही आमची गाडीच नव्हती. अन् खाली रोजच्या रोज दोन जणांच्या सह्या घ्या, महिन्याच्या शेवटी एकदम नको, शाई बघूनच कळतं त्यांना.