खिशातली अतिवाहक बॅटरी

'खोलीच्या तापमानाला चालणारा अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ) सापडला, की एखाद्या कल्पित संस्कृतीत प्रत्येकाच्या खिशात कधीही न संपणारी बॅटरी असेल' असं कुणाचं तरी म्हणणं वाचलं. कल्पना झकास आहे, पण गणित आडवं येतं.

अतिवाहक कड्यात प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो, हे खरंच. पण ऊर्जा साठते ती चुंबकीय क्षेत्रात. १० टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्रात एका घनमीटरला साधारण ४० मेगाज्यूल, म्हणजे जेमतेम सव्वा लिटर पेट्रोलाएवढी! वर ते क्षेत्र कड्याला आतून हवेच्या दाबाच्या सुमारे ४०० पट दाबाने फाडू बघतं. म्हणजे खरी अडचण तापमानाची नाही, मजबुतीची. त्या कल्पित संस्कृतीला आधी अफाट चिवट पदार्थ लागेल. आणि कड्याचा एखादा कोपरा तापून अतिवाहकता गेली, तर सगळी ऊर्जा तिथेच उष्णता होऊन बाहेर पडणार. खिशात नकोच ते.

१९८७ मध्ये सापडलेला इट्रियम-बेरियमवाला पदार्थ ९० केल्विनच्या (उणे १८३ अंश सेल्सिअस) थोडं वरपर्यंत अतिवाहक राहतो, त्यामुळे तो थंड ठेवायला द्रवरूप नायट्रोजनवर भागतं. पण तो सिरॅमिक, कपबशीसारखा ठिसूळ. म्हणून धातूच्या पट्टीवर त्याचा पातळ थर चढवून वापरावा लागतो.

घरातल्या तारा बदलून फारसं काही हाती लागणार नाही, तिथे वीज वाया जाते तीच थोडी. (इस्त्रीला तर रोधच हवा!) मला जास्त पटतं ते म्हणजे गल्लोगल्ली एमआरआय. त्यातला अतिवाहक चुंबक थंड ठेवायला लागणाऱ्या द्रवरूप हेलियमची कटकट गेली, तर ते यंत्र बरंच आटोपशीर होईल.