गिनी पिग घरात नेमके कुठं ठेवायचे? लवकर सांगा, घरात भांडणं लागलीत

पेठेतला_धुरळा (शनिवार, दुपारी 1:40)
परवा दोन गिनी पिग आणलो. प्रश्न एवढाच की पिंजरा ठेवायचा कुठं. वरच्या खोलीत ठेवलेला, तर आज सकाळपासून एक नुसता आडवा पडून आहे. आई म्हणते सोप्यात ठेव, पप्पा म्हणतात परड्यात, आजी म्हणते जिथनं आणलास तिथं नेऊन दे. स्वयंपाकघरात कट्ट्याखाली जागा आहे, पण देवघर तिथंच, त्यामुळं आजी येऊ देणार नाही. इंटरनेटवर बघितलो तर सगळं परदेशातल्या घरांचं. बर्फ पडल्यावर काय करा, हीटरपासून किती लांब ठेवा. इथं कोल्हापुरात एप्रिल चाललाय. ज्यांच्याकडं आहेत त्यांनीच सांगा. एका ओळीत सांगितलं तरी चालेल.

कात्रजचा_बोगदा (1:52)
दादा, एका ओळीत सांगायचं तर माहिती अपुरी आहे. पिंजऱ्याचं माप काय? वरच्या खोलीला स्लॅब आहे की पत्रा? दोन्ही माद्या, दोन्ही नर, की जोडी? घरात किंवा शेजारी मांजर? हे कळल्याशिवाय जो उत्तर देईल तो अंदाजपंचे देईल.

ससेवाले_काका (1:58)
अंदाजपंचे कशाला, अनुभवाने देतो. परड्यात ठेवा. आमच्याकडे वारणेकाठी 12 वर्षं ससे होते. आंब्याच्या झाडाखाली खुराडं, वर पाचट टाकलेलं, खाली हरळी. एक दिवस पंखा लावला नाही की कूलर लावला नाही. प्राणी मोकळ्या हवेतच राहतो, घरात कोंडला की किडकिडा होतो. तुमचे पप्पा बरोबर सांगतायत.

गवतवाली (2:03)
जागेचं नंतर बघू. तो आडवा पडलेला आत्ता कसा आहे? श्वास भराभर चाललाय का, तोंडाला लाळ, कान हाताला गरम? असेल तर त्याला ऊन लागलंय. आधी खाली आणा, गार फरशीवर ठेवा. साध्या पाण्यात फडकं भिजवून कान आणि पाय पुसा, बर्फाचं पाणी नको. प्यायला समोर ठेवा, तोंडात ओतू नका. अर्ध्या तासात हुशारी आली नाही तर डॉक्टरकडे न्या. इथं उत्तर लिहीत बसू नका, जा.

पेठेतला_धुरळा (2:41)
आणलो खाली. लाळ नव्हती पण कान तापलेले. माजघरात शहाबादी फरशीवर ठेवलो, दहा मिनिटं तसाच पडून होता, मग उठला आणि कोथिंबिरीची काडी ओढली. आता दोघंही पलंगाखाली आहेत, बाहेर येत नाहीत. वरच्या खोलीला पत्रा आहे. सांगायचं राहिलं.

कात्रजचा_बोगदा (2:44)
सांगायचं राहिलं! एप्रिलमध्ये पत्र्याची खोली ही पहिल्या ओळीत लिहायची गोष्ट आहे, दादा.

पेठेतला_धुरळा (2:46)
दादा काय लावलंय? मुलगी आहे मी.

कात्रजचा_बोगदा (2:47)
माफ करा. "आणलो", "बघितलो" लिहिलंत म्हणून.

रंकाळा_कट्टा (2:55)
पुण्याच्या पाव्हण्यांनी नोंद घ्यावी, आमच्यात बायका "मी येतो, मी जातो"च म्हणतात. माझी आई सत्तर वर्षांची आहे, अजून "भाकरी थापून येतो" म्हणते. लग्न होऊन नाशिकला गेलेल्या आत्याला तिथं पहिलं वर्षभर सगळे हसायचे. तिनं बदललं नाही, शेवटी नवराच "आपण जातो" म्हणायला लागला.

गवतवाली (3:10)
हे दुसऱ्या धाग्यावर घ्या. धुरळा, बरं झालं लवकर आणलास. मी इचलकरंजीची, सहा वर्षं पाळतेय. पहिल्या वर्षी माझा एक असाच गेला. बाल्कनीत होता, सकाळी सावली होती म्हणून ठेवला आणि कामाला गेले. ऊन दुपारी फिरून तिथं येतं हे तोवर मी कधी बघितलंच नव्हतं. त्यामुळे एक काम कर. उद्या सकाळी 8, दुपारी 1 आणि 4 ला प्रत्येक जागेवर जाऊन बघ, ऊन कुठवर सरकतंय आणि भिंत हाताला किती तापतेय. यांना 18 ते 24 अंश मानवतं. 27-28 च्या पुढं गेलं की धोका सुरू होतो, कारण यांना आपल्यासारखा घाम येत नाही. आपल्याकडं तेवढं गार एप्रिलात कुठंच मिळणार नाही, म्हणून घरातली सगळ्यात गार जागा शोधायची, मोकळी नव्हे.
काका, ससा निदान आपल्याकडच्या हवेला सरावलेला असेल. पण परड्यात मांजर, मुंगूस, घूस यांचं काय? आणि जूनपासून पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं की परड्यातली ओल?

ससेवाले_काका (3:22)
12 वर्षांत एकदाच घूस शिरली. जाळी चांगली मारली की काही होत नाही. आणि एकटे एकटे कशाला ठेवता, एक ससा सोबत सोडा. दोघं एकाच ताटात खातात, करमतं पण.

शिरवळकर_भावी_डॉक्टर (3:40)
काका, आदरपूर्वक, नको. मी शिरवळला पशुवैद्यक शिकतोय. सशाच्या नाकात बॉर्डेटेला नावाचा जंतू असतो. सशाला बऱ्याचदा काही होत नाही, पण गिनी पिगला त्यानं न्यूमोनिया होतो. शिवाय सशाची मागच्या पायाची लाथ लागली तर याची बरगडी मोडते. दोन गिनी पिग एकमेकांना पुरेत.
ताई, एक महत्त्वाचं. आजारी पडले तर घरातल्या उरलेल्या गोळ्या देऊ नका. पेनिसिलीनच्या गटातली अँटिबायोटिक्स यांच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात, त्यात जीव जाऊ शकतो. आणि यांचं शरीर आपल्यासारखंच क जीवनसत्त्व तयार करत नाही, ते रोज खाण्यातून गेलं पाहिजे. ढबू मिरची द्या, पेरूची फोड अधूनमधून.

रंकाळा_कट्टा (3:44)
मूळचे पेरूकडचे म्हणून पेरू खातात होय?

शिरवळकर_भावी_डॉक्टर (3:49)
हसू नका, निम्मं खरं आहे. हा प्राणी ना गिनीचा ना पिग. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातला आहे, हजारो वर्षांपूर्वी तिथंच माणसाळला. थंड डोंगरातला म्हणूनच त्याला उकाडा सोसत नाही.

रस्सा_सम्राट (4:02)
आणि तिथं तो खातात. भाजून. ताई, तांबडा की पांढरा ते तेवढं सांगा, मसाला मी आणतो.

पेठेतला_धुरळा (4:05)
तुमचं नाव लक्षात ठेवलोय.

वास्तुछंद (4:30)
पाळीव प्राणी वायव्य दिशेला ठेवावेत. ईशान्य कोपरा मोकळा आणि स्वच्छ हवा. आपल्या घराचा नकाशा टाकल्यास मार्गदर्शन करता येईल. गजलक्ष्मीची मूर्ती कुठे आहे तेही कळवावे.

पेठेतला_धुरळा (4:38)
वायव्येला आमचं न्हाणीघर आहे. बंब पेटतो तिथं.

आता ऐका, सगळं सांगतो. खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं. वर पत्र्याची एक खोली. सोपा रस्त्याला लागून, टीव्ही तिथंच, दार दिवसभर उघडं. माजघरात उजेड कमी आहे, पण जुनं घर, भिंत दीड-दोन फुटाची, दुपारी गार असतं. तिथं जिन्याखाली एक कोनाडा आहे, पिंजरा बरोब्बर मावतो. पण त्यात इन्व्हर्टर आहे आणि पप्पा तो हलवू देणार नाहीत. इन्व्हर्टर राहू देऊन शेजारी पिंजरा चालेल का? बाकी काही विचारू नका.

कात्रजचा_बोगदा (4:41)
मापाशिवाय "बरोब्बर मावतो" म्हणजे काय? पिंजरा केवढा?

पेठेतला_धुरळा (4:44)
दीड बाय एक फूट. दुकानदारानं दिला, लव्हबर्डचा आहे. खाली जाळी, त्याखाली ट्रे ओढायचा. मी जागा विचारलो, पिंजरा नाही विचारलो.

गवतवाली (4:52)
पिंजरा न विचारता जागा सांगता येत नाही हो. दीड फुटात दोन म्हणजे आपल्याला न्हाणीघरात वर्षभर राहायला सांगण्यासारखं. दोघांना कमीत कमी 30 बाय 36 इंच लागतात, म्हणजे साडेसात चौरस फूट. आणि जाळीचा तळ तर आजच काढ. यांचे तळवे उघडे असतात, तारेवर चालून फोड येतात, मग जखम होते. पाय उचलून बघ, तळवा गुलाबी आणि मऊ आहे का.

पेठेतला_धुरळा (5:10)
बघितलो. एकाच्या मागच्या पायाला टाचेजवळ लाल आहे. फुटलेलं नाही.

शिरवळकर_भावी_डॉक्टर (5:15)
तर मग आत्तापासून सपाट तळ, वर जुन्या चादरीची दोन-तीन पदरी घडी. रोज बदला. आठवड्यात लाली गेली नाही तर दाखवा.

कडक_इस्त्री (5:20)
इन्व्हर्टरचं कुणी बोललंच नाही. मी इलेक्ट्रिकची कामं करतो. बॅटरी चार्ज होताना गॅस सुटतो, थोडा असला तरी कोंदट कोनाड्यात प्राणी ठेवू नये. त्यात हे दात सतत वाढणारे प्राणी, वायर कुरतडणार. आणि इन्व्हर्टरचं ते घूं घूं आपल्याला कमी वाटतं, यांचे कान आपल्यापेक्षा तिखट. जिन्याखाली अजिबात नको.

गवतवाली (5:31)
आवाजाबद्दल थोडं वेगळं सांगते. आमच्या मागच्या गल्लीत माग चालतात, चोवीस तास खटखट. माझे त्याला सरावलेत. घाबरवतो तो एकदम येणारा आवाज. दार आपटलं, कुकरची शिट्टी झाली, मिक्सर लागला. म्हणून स्वयंपाकघर नको. त्यात आता चटणीचे दिवस. मिरची भाजायला घेतली की आपण शिंकत अंगणात पळतो, पिंजऱ्यातल्यानं कुठं पळायचं? देवघराजवळची उदबत्ती-धूपही नको. आजीचं म्हणणं योग्यच आहे, कारण वेगळं असलं तरी.

रंकाळा_कट्टा (5:40)
सोप्याला माझाही विरोध. पेठेत रस्त्याला लागून सोपा म्हणजे विसर्जन मिरवणुकीची डॉल्बी थेट छातीत. आमच्या काचा हलतात, हे एवढेसे जीव.

ससेवाले_काका (5:48)
म्हणून म्हटलं परडं.

गवतवाली (5:50)
काका!!

पेठेतला_धुरळा (5:58)
म्हणजे सगळं नकोच. पत्रा नको, सोपा नको, परडं नको, स्वयंपाकघर नको, जिना नको. राहिलं माजघर. तिथं पलंग आणि कपाटाच्या मधल्या भिंतीला चार फूट जागा आहे, आजीचं शिवणयंत्र तिथं पडून असतंय. शिवणयंत्र हलवायचं म्हणजे वरून आदेश पाहिजे.

गवतवाली (6:10)
तीच जागा. मागं भिंत, एका बाजूला कपाट, म्हणजे दोन बाजू झाकल्या. शिकार होणारा प्राणी आहे, चारी बाजूंनी उघडा असला की दिवसभर लपूनच बसतो. चार बाय दोन कर, आठ चौरस फूट होतात. आत पुठ्ठ्याची दोन खोकी, प्रत्येकाला दोन दारं काप, म्हणजे एक आत अडकणार नाही. येता-जाता माणसं दिसली पाहिजेत, पण पिंजऱ्याला ठेचा लागायला नकोत. उजेड कमी म्हणतेस, दिवसा खिडकी उघडी ठेव, रात्री अंधार असू दे.

कात्रजचा_बोगदा (6:18)
टेबलावर ठेवा. माणूस वरून वाकला की त्यांना घारीसारखा वाटतो. कमरेच्या उंचीवर असले की लवकर माणसाळतात.

गवतवाली (6:25)
उन्हाळ्यात जमिनीवर. फरशीचा गारवा फुकट मिळतो. जवळ बसायचं, वाकायचं नाही.

कात्रजचा_बोगदा (6:27)
आणि मुंग्या? टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवता येतात, फरशीचे नाही.

गवतवाली (6:33)
उरलेली भाजी अर्ध्या तासात उचलली की मुंग्या येत नाहीत. पावसाळ्यात फरशीला ओल धरली की टेबलावर घ्या, तेव्हा तुमचं बरोबर. गवताचं पोतं मात्र कधीच जमिनीवर नको, बुरशी लागते.

पेठेतला_धुरळा (गुरुवार, रात्री 9:15)
झालं. पप्पा उद्यमनगरात लेथवर आहेत, त्यांनी भंगारातल्या अँगलची चार बाय दोनची फ्रेम करून आणली, तळाला प्लाय, वर जाळीचं झाकण. शेजारचा बोका दोनदा येऊन वास घेऊन गेला, झाकणाला खिट्टी आहे. शिवणयंत्र आता सोप्यात, टीव्हीखाली. आजी तीन दिवस बोलली नाही. आज दुपारी 3 ला थर्मामीटर ठेवलो तर माजघर 30, वर 38.

गवतवाली (9:24)
30 अजून जास्तच आहे. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून जाड फडक्यात गुंडाळ, दुपारी एका कोपऱ्यात ठेव. हवी तेव्हा टेकतात. पंख्याचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. पायाचं काय?

पेठेतला_धुरळा (9:31)
लाली गेली. आणि "दोन्ही माद्या" म्हणून दिलेल्या, त्यातला एक नर निघाला. आता त्याला दुसरा पिंजरा पाहिजे, पप्पा परत भंगार बघायला लागलेत.

पण एक नवीनच झालंय. माजघर आणि फ्रिज यांच्यात नुसतं दार आहे. फ्रिज उघडला की दोघं एका सुरात वीऽऽक वीऽऽक ओरडतात. पहिल्या दिवशी कोथिंबीर फ्रिजमधून काढून दिलो तेवढंच. आता रात्री दोनला पाणी प्यायला उठलो तरी अख्खं घर जागं होतंय. फ्रिज कुठं ठेवू?

कात्रजचा_बोगदा (9:33)
नवीन धागा काढ. आणि यावेळी फ्रिजचं माप आधी लिही.