एका अँटीडिप्रेसंटवर दुसरं जोडताना: फायदा किती, जोडी कोणती, लक्ष कशावर ठेवायचं?

गोळ्यांचा_डबा (प्रश्न)

नमस्कार. समुपदेशनाच्या कामात एक प्रसंग वरचेवर समोर येतो. एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध (अँटीडिप्रेसंट) २० मिलिग्रॅम, आठ आठवडे झालेले. नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीचा आकडा १९ वरून १२ वर आला आणि तिथेच रुतून बसला. रडू येणं थांबलंय, पण पहाटे तीनला डोळे उघडतात, भूक नाही, कशात मन लागत नाही. मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात, "यावर आणखी एक औषध जोडू." आणि घरचे धास्तावतात: एक गोळी होती तीच नकोशी, आता दोन?

दुसरं अँटीडिप्रेसंट जोडून खरंच किती फरक पडतो? कुठली जोडी कशासाठी लावतात? सुरुवातीच्या दिवसांत घरच्यांनी नेमकं काय बघायचं? "प्रत्येकाची प्रकृती वेगळी" हे उत्तर मिळालेलं आहे, आता नावं आणि आकडे हवेत. डोस कुणी आपल्या मनाने बदलणार नाही, हे धरूनच विचारतेय.

वॉर्डराऊंड

१९ चे १२ म्हणजे साधारण ३७ टक्के घट. आकडा निम्म्यावर किंवा त्याखाली आला तर औषध लागू पडलं म्हणतात, आणि पाचच्या खाली गेला तर आजार उतरला म्हणतात. तुमचं उदाहरण मधल्या पायरीवरचं आहे. अशा वेळी औषध बदलण्यापेक्षा जोडण्याकडे कल असतो, कारण बदलताना जे थोडं हाती आलंय तेही निसटू शकतं. काहीच फरक पडला नसेल किंवा पहिलं औषध सोसतच नसेल, तर मात्र जोडत बसू नये, सरळ बदलावं.

जोडण्याआधी मी तीन गोष्टी विचारल्याशिवाय पुढे जात नाही. पहिली, गोळ्या खरंच पोटात जातात का. "रोज घेतो" या उत्तरापेक्षा पाकिटात उरलेल्या गोळ्या मोजणं खात्रीचं. दुसरी, थायरॉइडची तपासणी झाली का, आणि दारू किती. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची: आधी कधी असे दिवस आले होते का, की झोप जेमतेम दोन-तीन तास, तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले जातायत? उत्तर "हो" असेल तर हा बायपोलर आजार (उदासी आणि अति उत्साह आलटूनपालटून येणारा) असू शकतो. तिथे एकावर एक अँटीडिप्रेसंट चढवणं म्हणजे आगीत तेल. या प्रश्नासाठी घरच्यांना बाजूला घेऊन विचारावं, कारण पेशंटला ते दिवस "बरे दिवस" म्हणूनच आठवतात.

आता जोडी. दोन्ही औषधांची कामं वेगळी असली पाहिजेत. एस्सिटालोप्राम एसएसआरआय गटातलं; एसएसआरआयवर दुसरं एसएसआरआय जोडण्यात अर्थ नाही, दोघंही सेरोटोनिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाला परत शोषणारा तोच पंप अडवणार. एसएसआरआयवर व्हेन्लाफॅक्सिन (एसएनआरआय गटातलं, सेरोटोनिनसोबत नॉरअॅड्रिनॅलिन या रसायनाचाही पंप अडवणारं) जोडण्याचंही जवळपास तसंच.

मिर्टाझापिन वेगळ्या दारातून शिरतं. मज्जातंतूच्या टोकाला अल्फा-२ नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो, तो ब्रेकसारखा काम करतो. मिर्टाझापिन तो ब्रेक सोडवतं, त्यामुळे नॉरअॅड्रिनॅलिन आणि सेरोटोनिन जास्त सुटतं. शिवाय ते सेरोटोनिनचे ५-एचटी२ आणि ५-एचटी३ हे ग्राहक बंद करतं, म्हणून मळमळ वाढत नाही आणि लैंगिक तक्रारीही सहसा वाढत नाहीत. हिस्टामिनही अडवत असल्यामुळे झोप आणि भूक परत येते. पहाटेची जाग आणि गेलेली भूक असलेल्या तुमच्या उदाहरणात म्हणूनच ते चपखल बसतं. रात्री झोपताना १५ मिलिग्रॅम, मग ३०, कमाल ४५. एक गंमत लक्षात ठेवा: कमी डोसला गुंगी जास्त जाणवते, वाढवल्यावर पुष्कळदा कमी होते. पहिल्या आठवड्यात सकाळी डोकं जड राहतं, तेव्हा गाडी चालवू नये. वजन हा खरा त्रास. सुरू करण्याच्या दिवशीच वजन लिहून ठेवा, नाहीतर तीन महिन्यांनी नुसता वाद होतो.

बुप्रोपिऑनचा सेरोटोनिनशी थेट संबंध नाही, ते डोपामिन आणि नॉरअॅड्रिनॅलिनवर काम करतं. दिवसभर अंग जड, उत्साह नाही, झोप उलट जास्त, एसएसआरआयमुळे लैंगिक इच्छा गेलेली, वजन वाढलेलं, अशा चित्रात ते शोभतं. सकाळी १५० मिलिग्रॅम, गरज पडली तर ३००. उशिरा घेतलं तर रात्र जागून निघते. जिथे बेचैनी आणि निद्रानाश आधीच आहे तिथे मी ते पहिल्यांदा निवडणार नाही.

आकडेमोड

वॉर्डराऊंड यांच्या निवडीशी सहमत आहे, पण फायद्याचा आकडा सांगताना हात राखून बोलायला हवं.

जोडीच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणाचा: ३९ चाचण्या, ६७५१ पेशंट. एकट्या औषधापेक्षा जोडी सरस निघाली, आणि विशेषतः मिर्टाझापिन, मियान्सेरिन, ट्रॅझोडोन या गटातलं औषध एसएसआरआयसारख्या औषधाला जोडलं तेव्हा. बुप्रोपिऑनच्या जोड्या सरस ठरल्या नाहीत.

दुसऱ्या बाजूला २०१८ ची ब्रिटनमधली मीर चाचणी. एसएसआरआय किंवा एसएनआरआय किमान सहा आठवडे घेऊनही बरं न वाटलेले ४८० जण, निम्म्यांना मिर्टाझापिन, निम्म्यांना प्लासिबो (औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी). बारा आठवड्यांनी फरक होता तो इतका बारीक की पेशंटला जाणवेल असं म्हणता येत नाही, आणि मिर्टाझापिनच्या गटात दुष्परिणाम जास्त. हे सगळे फॅमिली डॉक्टरांकडचे पेशंट होते.

२०११ ची को-मेड चाचणी आणखी एक गोष्ट शिकवते. त्यात ६६५ जण होते. दोन गटांना पहिल्या दिवसापासूनच जोडी दिली: एस्सिटालोप्रामसोबत बुप्रोपिऑन, किंवा व्हेन्लाफॅक्सिनसोबत मिर्टाझापिन. तिसऱ्या गटाला एस्सिटालोप्राम आणि प्लासिबो. बारा आठवड्यांनी तिन्ही गटांत आजार उतरलेल्यांचं प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास. व्हेन्लाफॅक्सिन-मिर्टाझापिन जोडीला "कॅलिफोर्निया रॉकेट फ्युएल" असं भारदस्त टोपणनाव आहे, आणि दुष्परिणामांचा भार याच गटावर सर्वांत जास्त होता. सुरुवातीलाच जोडी देण्याला म्हणूनच आधार नाही.

बुप्रोपिऑनला मात्र अगदी बाद करू नका. २०१७ च्या व्हास्ट-डी चाचणीत १५२२ जण होते. औषध बदलून बुप्रोपिऑन दिलं त्यांच्यात २२.३ टक्के, बुप्रोपिऑन जोडलं त्यांच्यात २६.९, आणि अॅरिपिप्राझोल जोडलं त्यांच्यात २८.९ टक्के लोकांचा आजार उतरला. अॅरिपिप्राझोल हे अँटीडिप्रेसंट नव्हे, अँटीसायकोटिक. पण थोड्या डोसमध्ये जोडऔषध म्हणून वापरतात, आणि त्याची किंमत म्हणजे एका जागी बसवत नाही अशी पायांची तगमग. घरच्यांना ती "काळजी वाढली" अशी वाटते, म्हणून नाव घेऊन सांगून ठेवावं.

घरच्यांना मी एवढंच सांगेन: चारांतल्या एकाला स्पष्ट फायदा होईल असं धरा. सहा आठवड्यांत पीएचक्यू-९ हलला नाही तर दुसरी गोळी चालू ठेवायचं कारण उरत नाही. पुष्कळांच्या डब्यात अशी गोळी वर्षानुवर्षं पडून असते, कारण ती काढायची तारीख कुणी लिहिलेलीच नसते.

अर्धायुष्य

औषधांच्या काउंटरवरून बघितलं तर घोटाळा या दोन गोळ्यांत कमी आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीत जास्त होतो. डोकेदुखीची, खोकल्याची, रक्तदाबाची. ती डॉक्टरांना कुणी सांगत नाही.

यकृतात सीवायपी-२डी६ नावाचं एन्झाइम अनेक औषधं मोडतं. फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन आणि बुप्रोपिऑन त्याला जोरात अडवतात, ड्युलॉक्सेटिन मध्यम. त्यामुळे सोबतच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण डोस न वाढवता वाढतं. नॉर्ट्रिप्टिलिन किंवा अॅमिट्रिप्टिलिन या ट्रायसायक्लिक गटातल्या जुन्या अँटीडिप्रेसंटचं ते कित्येक पटींनी चढू शकतं: आधी तोंड कोरडं, लघवी अडकणं, गोंधळ, पुढे हृदयाची लय बिघडणं. अशी जोडी लावायचीच असेल तर ट्रायसायक्लिक फार थोड्या डोसने, ईसीजी बघून. रक्तदाबाचं मेटोप्रोलॉल घेणाऱ्याची नाडी मंदावते आणि उठताना चक्कर येते. अॅरिपिप्राझोलचा डोस निम्मा करावा लागतो. वेदनाशामक कोडीनचं उलट होतं, ते याच एन्झाइमने मॉर्फिनमध्ये बदलतं, म्हणून वेदना कमीच होत नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन आणि बुप्रोपिऑन ही तिन्ही टाळलेली बरी, कारण टॅमॉक्सिफेनचं कामाचं रूप याच वाटेने तयार होतं. याच अडवणुकीचा उपयोगही केलाय: अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळालेल्या नैराश्यावरच्या एका गोळीत डेक्स्ट्रोमेथॉर्फन ४५ आणि बुप्रोपिऑन १०५ मिलिग्रॅम एकत्र आहे, बुप्रोपिऑन तिथे पहिल्याला लवकर मोडू देत नाही.

बुप्रोपिऑनचा मोठा धोका फिट येण्याचा. ३०० मिलिग्रॅमपर्यंत साधारण हजारात एक, ४५० ला हजारात चार. अपस्माराचा आजार, अॅनोरेक्सिया किंवा बुलिमिया, दारू वा झोपेच्या गोळ्या अचानक बंद केलेल्या, अशा कुणालाही ते चालत नाही. गोळी चावायची, तोडायची, कुटायची नाही, नाहीतर दिवसभराचा डोस एकदम सुटतो. एक्सएल (औषध हळूहळू सोडणाऱ्या) गोळीचं रिकामं कवच शौचातून बाहेर पडलेलं दिसू शकतं. घाबरून दुसरी गोळी घेऊ नये, औषध केव्हाच शोषलं गेलेलं असतं.

आता सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे शरीरात सेरोटोनिनचा परिणाम फार वाढल्याने होणारा त्रास. एस्सिटालोप्राम आणि मिर्टाझापिन एवढ्यावरच तो क्वचित होतो. त्यात ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, लिनेझोलिड हे अँटिबायोटिक किंवा सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी आली की धोका एकदम वाढतो. एमएओआय या जुन्या अँटीडिप्रेसंट गटाचं औषध तर एसएसआरआयसोबत कधीच नाही; मध्ये दोन आठवड्यांची मोकळीक हवी, फ्लुऑक्सेटिननंतर पाच आठवड्यांची, कारण त्यापासून बनणारं नॉरफ्लुऑक्सेटिन शरीरात फार रेंगाळतं. लक्षणं डोस बदलल्यापासून बहुधा चोवीस तासांच्या आत दिसतात: हात थरथरणं, दरदरून घाम, जुलाब, बाहुल्या मोठ्या, अस्वस्थ येरझारा. एक खूण घरी दिसू शकते. पेशंट आडवा असताना त्याचं पाऊल कुणी झटकन वर ढकलून धरलं तर ते घोट्यापाशी आपोआप ठकठक हलत राहतं, थांबत नाही. हे दिसलं, किंवा ताप ३८ अंशांच्या वर गेला, तर पुढचा डोस न देता त्याच तासाला इमर्जन्सी विभाग गाठायचा. सकाळच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

मिर्टाझापिनवर ताप, घसादुखी आणि तोंडात फोड एकत्र आले तर त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या. क्वचित घडतं, पण "साधा घसा" म्हणून सोडायचं नाही.

गोळ्यांचा_डबा

खूपच उपयोगी. आणखी दोन शंका. पेशंट सत्तरीचा असेल आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर? आणि बरं वाटल्यावर जोडी सोडवताना कुठली गोळी आधी?

वॉर्डराऊंड

सत्तरीत आधी सोडियम. एसएसआरआयमुळे ते उतरतं, सोबत थायझाइड (लघवी वाढवणारी गोळी) असेल तर जास्तच. सुरू करण्यापूर्वी एकदा आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. डोकं दुखणं, सुस्ती, तोल जाणं, अचानक गोंधळणं यांना म्हातारपणाच्या खात्यात टाकू नका. मिर्टाझापिन या बाबतीत तुलनेने सौम्य आहे. या वयात एस्सिटालोप्रामही दिवसाला १० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत, कारण ईसीजीतला क्यूटी हा कालावधी लांबतो (त्याने हृदयाची लय बिघडू शकते), आणि अॅसिडिटीचं ओमेप्राझोल त्याचं प्रमाण आणखी वाढवतं. गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेन किंवा हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौच डांबरासारखं काळं झालं तर लगेच कळवायचं.

वयाचं दुसरं टोकही सांगून ठेवतो: पंचविशीच्या आतल्यांमध्ये औषध सुरू करताना किंवा डोस बदलताना पहिले काही आठवडे आत्महत्येचे विचार वाढू शकतात. या काळात दर आठवड्याला भेट हवी, आणि घरच्यांनी हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

अर्धायुष्य

सोडवण्याबद्दल. आजार उतरल्यावर निदान सहा ते नऊ महिने त्याच डोसवर राहायचं, वारंवार येणारा आजार असेल तर त्याहून पुष्कळ जास्त. मग एका वेळी एकच औषध. आधी कुठलं, याचं ठरलेलं उत्तर नाही. जे जास्त त्रास देतंय ते आधी काढतात. दोन्ही एकदम कमी केली आणि बिघडलं, तर कशामुळे ते कधीच कळणार नाही.

एक सापळा इथे हमखास निसटतो. समजा व्हेन्लाफॅक्सिनसोबत बुप्रोपिऑन आहे आणि बुप्रोपिऑन काढलं. अडवलेलं एन्झाइम मोकळं झालं, आणि न बदललेल्या व्हेन्लाफॅक्सिनचं रक्तातलं प्रमाणही हललं. मग आठवडाभरात काही बिनसलं तर "बुप्रोपिऑनची सवय लागली होती" असा निष्कर्ष निघतो. फ्लुऑक्सेटिन काढल्यावर हा परिणाम काही आठवड्यांनी उमटतो, तोवर गोळी बंद केल्याचं सगळे विसरलेले असतात.

औषध सुटतानाचा त्रास आणि आजाराचं परतणं ओळखायला तारखा लागतात. डोक्यात विजेसारखा झटका, चक्कर, मळमळ, चित्रविचित्र स्वप्नं, हे डोस कमी केल्यापासून दोन-चार दिवसांत सुरू होतं आणि डोस परत दिला की लवकर शमतं. उदासी, मन न लागणं हे आठवड्यांनी हळूहळू दाटतं. म्हणून कॅलेंडरवर प्रत्येक बदलाची तारीख, नवा डोस आणि त्या दिवशीचा पीएचक्यू-९ लिहा, आणि पुढच्या भेटीला सगळ्या गोळ्यांची पाकिटं, खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा, एका पिशवीत घालून सोबत न्या.